‘सब कुछ’ नको, नेमकं हवं!

इस्टेट एजन्सी सुरू करायचीय? की बाबांचं जुनं ऑफिस पुढे चालवायचंय? मग ‘जाहिरात कुठे द्यायची’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी ठरवा, ती द्यायची कुणासाठी!

पुण्यातल्या कुठल्याही गल्लीत शिरा. झेरॉक्सवाला, अमृततुल्य आणि मेडिकल यांच्या अधेमधे एक बोर्ड हमखास दिसणारच. ‘फ्लॅट, रो-हाउस, बंगले, प्लॉट, दुकाने, गोडाउन, शेतजमीन. खरेदी, विक्री, भाडे. लोनची सोय.’ खाली दोन मोबाइल नंबर. बोर्डावर अजून चार इंच जागा उरली असती, तर पासपोर्ट आणि पॅनकार्डही त्यात आलं असतं!

आता खरं सांगा, हा बोर्ड वाचून ‘अरे, हा माणूस माझ्यासाठीच बसलाय’ असं तुम्हाला कधी वाटलंय? नाही ना? नेमकी तिथेच तर गोची आहे. सगळ्यांसाठी सगळं करणारा माणूस लक्षात कुणाच्याच राहत नाही. लोकांच्या लक्षात राहतो तो एकच काम झकास करणारा. गुडघ्याला कोण, दाताला कोण, अळूवड्यांना कोण हे आपल्याला पाठ असतं. मग घराला कोण?

मार्केटिंगच्या भाषेत याला ‘निश’ म्हणतात. म्हणजे अफाट बाजारातला आपला छोटासा, नेमका कोपरा. ऐकायला सोपं वाटतं. करायला मात्र जिगर लागते, कारण एक कोपरा निवडायचा म्हणजे बाकीच्या गिऱ्हाइकांमागे धावणं सोडायचं. आणि नवीन धंद्यात आलेलं गिऱ्हाईक सोडायचं या कल्पनेनंच पोटात गोळा येतो.

वहीची जादू संपली

एकेकाळी तो ‘सब कुछ’वाला बोर्ड चालायचा, कारण कुठला फ्लॅट रिकामा आहे हे फक्त एजंटच्या वहीतच असायचं. वही त्याची, किल्ल्यांचा जुडगा त्याचा. गिऱ्हाईक जाणार कुठे? मग २००५ मध्ये नाइंटीनाइन एकर्स आलं, २००६ मध्ये मॅजिकब्रिक्स, २०१२ मध्ये हाउसिंग डॉट कॉम. २०१४ मध्ये नोब्रोकर आलं आणि त्यानं तर नावातच सगळं सांगून टाकलं. वहीतली यादी प्रत्येकाच्या खिशात आली.

आता यादीसाठी कुणी ब्रोकरेज देणार नाही. आणि का द्यावं? पुण्यात खरेदी-विक्रीला साधारण एक-दोन टक्के, भाड्याच्या घराला एक महिन्याचं भाडं अशी पद्धत आहे. ८० लाखांच्या फ्लॅटवर एक टक्का म्हणजे ८० हजार. एवढे पैसे माणूस दार उघडून किचन दाखवण्यासाठी देत नाही. त्याला जे स्वतःला कळत नाही, ते कळणाऱ्याला तो देतो.

म्हणजे एजंटचा खरा माल घरं नाहीत, माहिती आहे. आणि प्रत्येक प्रकारच्या गिऱ्हाइकाची, प्रत्येक प्रकारच्या मालमत्तेची सखोल माहिती एका माणसाच्या डोक्यात मावणं अशक्य. म्हणून कोपरा निवडायचा.

मोठ्यांनी केव्हाच केलंय

बिल्डर मंडळींनी हा फंडा फार आधी ओळखला. हडपसरची मगरपट्टा सिटी घ्या. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांच्या आसपासची जमीन विकून टाकण्याऐवजी एकत्र आणली आणि स्वतःच टाउनशिप उभी केली. डोळ्यासमोर कोण होतं? आयटीत काम करणारा, रोजच्या ट्रॅफिकला वैतागलेला माणूस. म्हणून सायबरसिटी आणि घरं एकाच आवारात. ऑफिसला चालत जा, शाळा जवळ, बाग जवळ.

परांजपे स्कीम्सच्या ‘अथश्री’नं दुसरा कोपरा निवडला. फक्त ज्येष्ठ नागरिक! आशियाना हाउसिंगनं राजस्थानात भिवाडीला आणि आपल्याकडे लवासात ‘उत्सव’ नावानं तेच केलं. घर त्याच विटा-सिमेंटचं, पण विचार एका ठरावीक माणसाचा.

आणि पेठांमधली ‘कॉट बेसिस’ विसरून कसं चालेल? एमपीएससीच्या अभ्यासाला गावाहून आलेल्या पोराला फ्लॅट नकोच असतो. त्याला एक कॉट, एक टेबल, जवळ अभ्यासिका आणि परवडणारी मेस हवी. सदाशिव आणि नारायण पेठेतल्या घरमालकांनी एमबीए न करताच हे ओळखलं. खोली न विकता त्यांनी कॉट विकली. निश निश म्हणतात ती हीच की!

चार गिऱ्हाइकं, चार प्रश्न

निश म्हटलं की आपल्याकडे लगेच एरिया सांगतात, ‘मी बाणेर करतो’, ‘मी खराडी करतो’. किंवा बजेट, ‘मी एक कोटीच्या वरचं बघतो’. पण एरियात आणि बजेटमध्ये माणूस दिसत नाही. माणूस दिसतो त्याला पडलेल्या प्रश्नात. ही चार गिऱ्हाइकं बघा.

एक, हिंजवडीत नोकरीला लागलेली, वाकडमध्ये घर शोधणारी चार मुलं. त्यांचा प्रश्न स्विमिंग पूलचा नसतोच. सोसायटी बॅचलर्सना राहू देईल का, हा असतो. शिवाय भाडेकराराचं टेन्शन. ‘अकरा महिन्यांचा आहे, रजिस्टर कशाला?’ असं सर्रास ऐकायला मिळतं. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी जे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. हे २००१ पासून ठरलेलं आहे. किती एजंट हे घरमालकाला समजावून सांगतात?

दोन, न्यू जर्सीतला किंवा दुबईतला मराठी माणूस. इथला फ्लॅट विकायचाय, रजा दहा दिवसांची. त्याचा प्रश्न कागदांचा. तिकडे केलेलं मुखत्यारपत्र इथे पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. विकणारा अनिवासी असेल तर घेणाऱ्यानं कापायचा टीडीएस नेहमीच्या १ टक्क्यापेक्षा बराच जास्त असतो, आणि हे ऐन रजिस्ट्रेशनच्या दिवशी कळलं की व्यवहार बोंबलतो. ‘गावाकडे चार एकर घेऊन ठेवू’ म्हणाला, तर अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, हेही त्याला कुणीतरी सांगायला हवं.

तीन, एकटीनं स्वतःच्या नावावर पहिलं घर घेणारी मुलगी. फक्त स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ६० लाखांच्या घरावर ६० हजार! पण ‘बाबांचंही नाव टाकू, असू दे’ म्हटलं की ती सवलत गेली. रात्री दहाला ऑफिसच्या कॅबमधून उतरल्यावर गेटपर्यंतचा रस्ता उजेडाचा आहे का, हा तिचा प्रश्न कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतो.

चार, कोथरूड किंवा कर्वेनगरमधल्या तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे आजी-आजोबा. यांच्याकडे आपण जरा निवांत येऊ.

चौघांचंही काम एकाच एजंटनं केलं तर प्रत्येकाचं अर्धवट होणार. एकाचंच केलं तर तो एजंट वर्षभरात त्या विषयातला मास्टर होतो.

निवडायचं कसं?

तीन चाळण्या लावा. पहिली, या लोकांचा असा एखादा प्रश्न आहे का, जो पोर्टलवर फिल्टर लावून सुटत नाही? नसेल तर तुमची गरजच नाही. दुसरी, हे लोक एका ठिकाणी भेटतात का? दहा ठिकाणी विखुरलेल्या गिऱ्हाइकापर्यंत पोचायला बजेट लागतं, एका कट्ट्यावर भेटणाऱ्याला चहाचे पैसे पुरतात. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची, तुम्हाला ही माणसं आवडतात का? आठवड्यातले सहा दिवस त्यांचंच ऐकायचंय, बॉस! ज्याला अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री अकराला फोन घेणं जमत नाही, त्यानं एनआरआयच्या नादी लागू नये. आणि ज्याला आजींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची स्टोरी तिसऱ्यांदा ऐकताना घड्याळ बघावंसं वाटतं, त्यानं ज्येष्ठांच्या वाटेला जाऊ नये.

बिनलिफ्टचा तिसरा मजला

आता ते आजी-आजोबा. घर तीस-पस्तीस वर्षांपूर्वी घेतलेलं. तेव्हा तिसरा मजला म्हणजे हवेशीर, वर गच्ची. आता पंचाहत्तरी उलटलीय. भाजी घ्यायची तर दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची. डॉक्टरकडे जायचं म्हणजे एक मोहीमच. मुलगा परदेशात किंवा बंगळुरूला. तो फोनवर सांगतो, ‘विकून टाका ते आणि वाकडला मस्त टॉवरमध्ये जा. क्लबहाउस आहे, जिम आहे.’ आजोबांना जिम काय करायचीय? त्यांना तोच डॉक्टर हवाय, तोच भाजीवाला, तोच मारुती आणि संध्याकाळचा तोच बाक. फक्त लिफ्ट हवीय.

म्हणजे या निशमधला खरा माल काय? ‘इथून दहा मिनिटांच्या अंतरावर, लिफ्ट असलेली किंवा तळमजल्यावरची घरं.’ बस्स! पण ही यादी बनवायला महिनाभर पायपीट करावी लागते. कुठल्या इमारतीला लिफ्ट असूनही आधी चार पायऱ्या चढाव्या लागतात, कुठे लाइट गेल्यावर लिफ्टला बॅकअप आहे, कुठल्या बाथरूमचं दार व्हीलचेअर जाईल एवढं रुंद आहे. महारेरानं २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या प्रकल्पांची नियमावली काढली. त्यात दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद हवीत, असं आहे. रीसेलच्या जुन्या घराला ती लागू नाही, पण तुमच्या खिशातल्या टेपला मोजायला एक आकडा तर मिळाला!

आकडेमोडही करून बघा. समजा, चार-पाच गल्ल्या पायी फिरून तुम्हाला अशा ६० इमारती सापडल्या. प्रत्येकीत तिसऱ्या मजल्यावर दोन घरं धरली तर १२०. त्यातल्या निम्म्या घरांत ज्येष्ठ धरले तर ६०. त्यातली वर्षाला सहा कुटुंबं जरी हलली, तरी प्रत्येकाचे व्यवहार दोन. जुनं विकणं किंवा भाड्यानं देणं, आणि नवं घेणं. म्हणजे बारा. सगळे आकडे ‘समजा’चे आहेत, तुमच्या गल्लीचे तुम्ही मोजा. पण मोजल्याशिवाय निश निवडू नका, एवढंच सांगणं.

आणि मग येतो खरा कसोटीचा प्रश्न. कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांमध्ये सध्या एकच विषय असतो, रीडेव्हलपमेंट. आजोबा विचारतात, ‘आत्ता विकू की थांबू?’ थांबले तर कदाचित लिफ्ट असलेल्या नव्या इमारतीत, त्याच जागेवर, मोठं घर मिळेल. पण केव्हा? सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का? ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे किमान ५१ टक्के सभासदांच्या संमतीचा ठराव झालाय, की नुसतीच गच्चीवर चर्चा चाललीय? विकास करार रजिस्टर झालाय का? आणि काम सुरू झालं तर दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची त्यांची तब्येत आहे का?

कधीकधी याचं प्रामाणिक उत्तर ‘थांबा, विकू नका’ असं असतं. म्हणजे तुमचं कमिशन बुडालं. विकायला लावलं तर पुढच्या महिन्याचा ऑफिसचा हप्ता निघतो, हे तुम्हाला ठाऊक असतं. सगळी परीक्षा इथेच आहे. मोठ्या बाजारात गिऱ्हाईक एकदा येतं आणि जातं, तिथे अशी चलाखी खपूनही जाते. छोट्या कोपऱ्यात नाही खपत. सकाळी फिरायला जाणारा ग्रुप एकच, ज्येष्ठ नागरिक संघ एकच, देवळातला बाकही एकच! ‘त्यानं मला थांबायला सांगितलं’ ही गोष्ट तिथे आठवडाभरात सगळ्यांपर्यंत पोचते. ‘त्यानं मला फसवलं’ ही त्याआधी.

आणखी एक गोष्ट. घर आजींच्या नावावर असेल तर तुमचं गिऱ्हाईक आजी आहेत. फोनवरून घाई करणारा मुलगा नव्हे. ‘आधी माझ्या नावावर बक्षीसपत्र करा’ असा आग्रह होत असेल, तर त्यांना स्वतंत्र वकिलाकडे पाठवा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवण्याची तरतूद आहे, कलम २३. तसंच जुनं राहतं घर विकून दोन वर्षांत नवं घेतलं तर भांडवली नफ्यावरच्या करात सवलत मिळू शकते, हे सीएकडून तपासून घ्यायला सांगा. यात तुमचं कमिशन नाही. पण तुमचं नाव आहे.

जाहिरात? एका ओळीची!

गिऱ्हाईक ठरलं की जाहिरात आपोआप लिहिली जाते. ‘सर्व प्रकारचे फ्लॅट मिळतील’च्या जागी लिहा, ‘जिना चढवत नाही? याच परिसरात, लिफ्टचं घर.’ सात शब्द! वाचणाऱ्याला वाटतं, याला माझं दुखणं माहितीय.

ती लावायची कुठे, हेही गिऱ्हाईकच सांगतं. आजोबांना इन्स्टाग्रामची रील नको. पेपरमध्ये घातलेलं पत्रक चालेल, अक्षर मोठं हवं. फिजिओथेरपिस्टच्या वेटिंग रूममध्ये एक कार्ड, ज्येष्ठ नागरिक संघात ‘रीडेव्हलपमेंटचे कागद कसे वाचावेत’ यावर वकिलाचं तासाभराचं भाषण आणि नंतर चहा. एकटीनं घर घेणाऱ्या मुलींसाठी मात्र रीलच हवी. वाकडच्या बॅचलर्ससाठी कंपनीच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज पुरतो. पैसे कमी लागतात, डोकं जास्त.

पहिले सहा महिने

आता थोडं कडू. निश निवडली म्हणून दुसऱ्या दिवशी फोन वाजत नाही. सुरुवातीचे सहा महिने जिकिरीचे जातात. तेव्हा पोटापाण्यासाठी भाड्याची साधी कामं जरूर करा, लाजू नका. पण बोर्डावर, कार्डावर आणि बोलण्यात एकच गोष्ट ठेवा. दार उघडं असू द्या, पाटी एकच लावा. वर्ष झाल्यावर हिशेब मांडा. फोन येताना लोक ‘तुम्ही ते लिफ्टवाल्या घरांचं बघता ना?’ असं विचारायला लागले, तर कोपरा जमला. अजूनही ‘काही स्वस्तात आहे का?’ एवढंच विचारत असतील तर निवड तपासून बघा, बदलायला लाज नाही.

निश म्हणजे ‘नो एंट्री’ नव्हे

शेवटचा मुद्दा सगळ्यात नाजूक. आपल्याकडे ‘ठरावीक गिऱ्हाईक’ म्हटलं की काही जण भलतीकडेच जातात. ‘शाकाहारी कुटुंबास प्राधान्य’, ‘बॅचलर्स नकोत’, ‘अमुक समाजाचेच हवेत’. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा, सभासदत्व पारशींपुरतंच ठेवण्याचा नियम ग्राह्य धरला होता. म्हणजे कायद्याची भिंत वाटते तेवढी उंच नाही. पण सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ पसरला, तेव्हा आपण सगळे किती चिडलो होतो, आठवतंय? तीच चीड पुण्यात घर शोधणाऱ्या, आडनावावरून किंवा धर्मावरून नकार ऐकणाऱ्या प्रत्येकाला येत असते. त्यांचा व्हिडिओ निघत नाही, इतकंच.

फरक सोपा आहे. निश म्हणजे ‘यांचा प्रश्न मला सगळ्यात चांगला सोडवता येतो’. नो एंट्री म्हणजे ‘यांचं तोंडही बघायचं नाही’. पहिल्यात तुम्ही काहीतरी शिकता, दुसऱ्यात फक्त दार लावता. शिवाय धंद्याच्या दृष्टीनंही तो शुद्ध आचरटपणा! आजी-आजोबा लिफ्टच्या घरात गेल्यावर तो तिसरा मजला रिकामा होतो. भराभरा जिने चढायला तयार कोण असतं? तरणे पाय! तीच ‘बॅचलर्स नकोत’वाली मुलं. घरमालक आजींना त्यांच्याशी एकदा समोरासमोर भेटवा, करार रजिस्टर करा, पोलिस व्हेरिफिकेशन करा. दोघांचंही भलं, आणि एजंटचंही.

उतरण्याआधीची चेकलिस्ट

• रेराखाली नोंदलेल्या प्रकल्पांत मध्यस्थी करायची तर महारेराची एजंट नोंदणी लागते. २०२३ मध्ये आलेल्या नियमानुसार त्यासाठी आधी प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. नोंदणीशिवाय काम केलं तर रोज १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

• नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेरा क्रमांक हवाच. ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही.

• आपल्या निशमधल्या माणसाला पडणारे दहा प्रश्न लिहून काढा. सात उत्तरं येत नसतील तर जाहिरात देऊ नका, आधी अभ्यास करा.

• एक वकील, एक सीए, एक लोनवाला आणि सामान हलवणारा एक भरवशाचा टेम्पोवाला, ही टीम आधी बांधा.

• जे काम तुमच्या कोपऱ्यातलं नाही, ते ज्याच्या कोपऱ्यातलं आहे त्याच्याकडे पाठवा. तोही तुमच्याकडे पाठवेल.

• ब्रोकरेज किती आणि कुणाकडून, हे पहिल्याच भेटीत कागदावर सांगा.

आणि तुम्ही एजंट नसून घर शोधणारे असाल, तर हे सगळं उलटं वापरा. पुढच्या वेळी एजंटला ‘काय काय आहे तुमच्याकडे?’ असं विचारू नका. ‘माझ्यासारख्या किती जणांना तुम्ही घर मिळवून दिलंय?’ असं विचारा. तो दोन सेकंद थांबून नीट सांगायला लागला, तर खुशाल त्याच्यामागे जिना चढा!